जानेफळची लेक आणि तिसरी भाषा

जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा येथील एका शेतकरी वाचकाचें पत्र आमच्या हातीं आलें आहे. पत्र दोन पानांचें आहे, पण त्यांतला प्रश्न एकाच ओळीचा. त्यांची मुलगी दहावी पास होऊन अकरावींत गेली. पुढें नर्सिंगचें शिक्षण घ्यावें असा तिचा निश्चय आहे. मराठी तिच्या आईची. इंग्रजी शाळेनें दिली तेवढी. हिंदी पांचवीपासून पुस्तकांत वाचलेली व बाजारांत ऐकलेली, ती कामापुरती येतेच. आतां मराठी-इंग्रजीच्या जोडीला तिसरी म्हणून एक परदेशी भाषा शिकण्याचें तिनें मनावर घेतलें आहे. ती कोणती घ्यावी, एवढेंच बापानें आम्हांस विचारलें आहे.

प्रश्न साधा, पण त्याला उत्तर देणारे तिघे जण आमच्या आधींच त्या घरीं चहा पिऊन गेले. पहिले एक शिकलेसवरलेले पाहुणे. ते म्हणाले, "परदेशी भाषेच्या भानगडींत कशाला पडतां? संस्कृत घ्या, गुण पायलीनें पडतात." दुसरा शहरांतल्या एका शिकवणी-वर्गाचा दलाल. तो म्हणाला, "तीन महिन्यांत जर्मन, सहाव्या महिन्यांत विमान. फी सत्तर हजार. अर्धी आज द्या." तिसरे गांवचे एक पुढारी. ते म्हणाले, "खेड्यांतल्या पोरीला मायबोली पुरे. परदेशी भाषा शिकून काय सोयाबीनशीं बोलायचें आहे?" या पुढाऱ्यांचे चिरंजीव पुण्यास राहून जर्मनच शिकत आहेत, ही गोष्ट पत्रलेखकानें कसलीही टीका न करतां पत्राच्या कडेला लिहिली आहे. आणि शेवटीं मुलीच्या आईचें म्हणणें जसेंच्या तसें दिलें आहे: "पोरगी शिकीन त शिको, पन वावर गहान नाही ठेवाचं."

आम्ही म्हणतों, या साऱ्या बैठकींत शहाणपणाचें वाक्य काय तें त्या माउलीचेंच. बाकी तिघांचा समाचार घेणें हें आमचें कर्तव्य आहे. कारण हे तिघे एकट्या जानेफळांत नाहींत. प्रत्येक गांवच्या पारावर ते बसलेले आहेत.

प्रथम पाहुण्यांचा सल्ला घेऊं. भाषा म्हणजे गुणांची खाण, ज्ञानाशीं तिचा संबंध नाहीं, असें मानणारा हा पंथ आहे. संस्कृताशीं आमचें वैर नाहीं. वैर आहे तें तिच्या दाराशीं उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याशीं. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यास संस्कृत शिकावयाचें होतें. अस्पृश्याच्या मुलास ती शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यास फारशी घ्यावी लागली. आतां शाळेच्या दप्तरांत अशा मुलापुढें काय लिहिलें जातें? "विद्यार्थ्यानें फारशी घेतली"! एक दार तोंडावर लावलें म्हणून मूल दुसऱ्या दारानें गेलें, तर त्यास निवड म्हणावयाचें, हा कोणत्या गांवचा न्याय? त्याच विद्यार्थ्यानें १९१२ सालीं इंग्रजी व फारशी घेऊन बी. ए. केलें, संस्कृत पुढें स्वतःच्या कष्टानें मिळविली, आणि १९२१ सालीं जर्मनींतील बॉन विद्यापीठांत प्रवेश मिळावा म्हणून जर्मन भाषेंत अर्ज लिहिला. भाषेनें त्यांस कधींच अडविलें नाहीं. अडविलें तें शिकविणाऱ्यानें. ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. आमचें सारें म्हणणें पुढें तिच्यावरच उभें राहणार आहे.

दुसरी गंमत पाहा. ज्या वेदाचा शब्द शूद्राच्या कानीं पडूं नये म्हणून शतकानुशतकें बंदोबस्त झाला, तो ऋग्वेद सायणाच्या भाष्यासह छापून जगापुढें मांडला कोणीं? मॅक्स म्युल्लर नांवाच्या एका जर्मनानें, ऑक्सफर्डास बसून, १८४९ ते १८७४ या पंचवीस वर्षांत, सहा खंडांत. हा गृहस्थ हिंदुस्थानांत एकदांही आला नाहीं. पण त्याच्या नांवानें आज पुण्या-मुंबईस जर्मन शिकविणारीं भवनें चाललीं आहेत. आणि आमच्याच वऱ्हाडांत, पापळ गांवच्या शेतकरी घरांतले पंजाबराव देशमुख एडिंबरो व ऑक्सफर्ड येथें गेले, वेदवाङ्मयांतील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर होऊन आले, आणि येऊन त्यांनीं शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं अमरावतीस शिक्षणसंस्था उभी केली. संस्कृत शिकावी तर अशी शिकावी! जानेफळच्या मुलीस तिची गोडी असेल तर तिनें ती खुशाल मुळापर्यंत शिकावी. पण गुणपत्रिकेंत चार आंकडे वाढावे एवढ्यासाठीं घोकावयाची असेल, तर ते आंकडे रुग्णाच्या खाटेशीं कोणी विचारणार नाहीं.

आतां पुढाऱ्यांकडे येऊं. "मायबोली पुरे" हें वाक्य ऐकावयास गोड आहे. आम्ही मराठीचे अभिमानी आहों. मराठी कच्ची ठेवून दुसरी भाषा पक्की होत नाहीं, हें आम्ही याच स्तंभांतून सांगत आलों आहों. पण ज्याचा मराठीचा अभिमान दुसऱ्याच्या लेकरांपुरता असतो आणि स्वतःच्या लेकराला पुण्याची खोली भाड्यानें घेऊन देतो, त्याच्या अभिमानाला आम्ही अभिमान म्हणत नाहीं. तो कुंपण घालण्याचा धंदा आहे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन दिलें कीं, सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो. याच निवेदनांत त्यांनीं खेड्यांतील मुलांस मोडी व बाळबोध लिहितां-वाचतां यावें, हिशेब यावा, शेतीची व आरोग्याची माहिती असावी, असा अभ्यासक्रम मागितला. आणि हें निवेदन त्यांनीं दिलें कोणत्या भाषेंत? इंग्रजींत! पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या त्या माळ्याच्या मुलास ठाऊक होतें कीं घरांत दिवा लावावयाचा तो मायबोलीचा. पण साहेबाच्या कचेरीचें दार ठोठवावयाचें तर त्या दाराला समजेल अशाच आवाजांत ठोठविलें पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच माणसानें केल्या. पुढाऱ्यांस यांतली एकच आठवते, आणि तीही दुसऱ्यांना सांगण्यापुरती.

राहिला दलाल. त्याच्याशीं वाद घालण्याचें कारण नाहीं; पाटी-पेन्सील घेऊन हिशेब केला म्हणजे पुरे. युरोपांत भाषेच्या सहा पायऱ्या ठरविलेल्या आहेत: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन आणि सी-टू. परदेशांत शिकलेल्या परिचारिकेस जर्मनींत पूर्ण परिचारिका म्हणून काम करण्यास सामान्यतः चौथी पायरी, म्हणजे बी-टू, चढावी लागते. आरंभापासून बी-टूपर्यंत पाऊण तासाचे सुमारें ६०० ते ८०० पाठ लागतात. तीन महिने म्हणजे ९० दिवस. ९० दिवसांत हे पाठ उरकावयाचे तर एकही सुटी न घेतां रोज सात ते नऊ पाठ घ्यावे लागतील, आणि घरीं करावयाचा अभ्यास वेगळाच. हें कोणाच्यानें होईल? तीन महिन्यांत पहिली पायरी चढतां येईल, फार तर दुसरीला पाय लागेल. आणि सत्तर हजार रुपये देऊन पोर अर्ध्या जिन्यावर उभी राहील. वर जावें तर पैसा नाहीं, खालीं यावें तर लाज! दलालाच्या "सहाव्या महिन्यांत विमान" या वाक्यांत खरें काय असेल तर एवढेंच कीं सहाव्या महिन्यांत तो स्वतः उडालेला असेल.

आणखी एक गोष्ट. परदेशीं नोकरीस माणसें पाठविणाऱ्या दलालास सरकारी नोंदणी १९८३ च्या कायद्यानें सक्तीची केली. जो कोणी भाषेबरोबर नोकरीचेंही आमिष दाखवील, त्याला चहा देण्यापूर्वीं नोंदणीचा क्रमांक विचारावा. चहा वांचेल, आणि वावरही वांचेल.

येथवर खाजगी सल्लागार झाले. आतां चौथ्या सल्लागाराकडे, म्हणजे सरकारकडे, वळणें भाग आहे. कारण दलालाचा बाजार भरतो तो सरकारची जागा रिकामी राहते म्हणून.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें माध्यमिक वर्गांत शिकण्याजोग्या परदेशी भाषा म्हणून कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन अशीं आठ नांवें सांगितलीं. आठ पक्वान्नांचें ताट! पण वाढणारा कोठें आहे? पुढें १६ एप्रिल २०२५ रोजीं महाराष्ट्र शासनानें पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. महाराष्ट्रभर ओरड झाली, तेव्हां १७ जूनला शब्द फिरले: हिंदी "सर्वसाधारणपणें", तिच्याऐवजीं दुसरी भारतीय भाषा पाहिजे असेल तर इयत्तेंत निदान वीस मुलांनीं मागितली पाहिजे, तेवढीं नसतील तर ती ऑनलाईन शिकावी. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करण्याची घोषणा झाली आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमण्याचें ठरलें. सक्ती गेली, बरें झालें. पण त्या वीस मुलांच्या अटीची आठवण आम्हांस पुसावयाची नाहीं. ज्या वस्तीवरच्या शाळेंत चार इयत्ता मिळून वीस डोकीं भरत नाहींत, तेथें वीसांची अट घालून "निवडीचें स्वातंत्र्य आहे" असें म्हणणें म्हणजे भुकेल्याला दातांचें औषध देणें होय. शहरांतल्या मोठ्या शाळेंत वीस मुलें एका बाकड्याच्या रांगेंत सांपडतात. खेड्यांत तीं गांवभर फिरूनही सांपडत नाहींत. म्हणजे हक्क दोघांस सारखा, आणि भाषा मात्र एकालाच!

त्याआधीं २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र शासनानें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं करार केला: परिचारिका, वीजतंत्री, नळ-कारागीर, वाहनचालक अशीं कुशल माणसें तेथें पाठवावयाचीं, आरंभीं दहा हजार, आणि त्यांस जर्मन भाषा शिकविण्याचा भार सरकारनें उचलावयाचा. करार चांगला आहे; आम्ही त्याचें स्वागत करतों. कामकरी माणसाच्या हातांतल्या हुन्नराला परदेशांत किंमत मिळावी, यांत वावगें कांहींच नाहीं. जर्मनीनेंही २०२४ च्या ऑक्टोबरांत भारतीय कुशल कामगारांस वर्षाकांठीं द्यावयाचे परवाने वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत वाढविण्याचें जाहीर केलें. दार उघडलें आहे. पण जानेफळच्या आमच्या वाचकानें मेहकरापर्यंत चौकशी केली, तेव्हां जर्मन शिकविणारा एकही माणूस त्यास भेटला नाहीं. भेटला तो दलाल. अहिल्याबाई होळकर योजनेखालीं खेड्यांतल्या मुलीस बारावीपर्यंत शाळेला जाण्यायेण्यास एस. टी. फुकट आहे. गाडी फुकट, पण गाडी जेथें उतरविते तेथें ही भाषा शिकविणारा नाहीं! आमच्या जिल्ह्याला हें नवें नाहीं. खामगांव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. कागदावर ती गाडी किती वेळां धांवली असेल, याची गणती नाहीं. भाषेचीही तशीच गत होऊं नये, एवढ्यासाठीं हें लिहिणें आहे.

म्हणून आमचें म्हणणें एका वाक्यांत असें: ज्या भाषेचा शिक्षक नाहीं त्या भाषेची निवडही नाहीं. एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिक्षकानें नाहीं म्हटलें म्हणून एक दार बंद झालें. आज खेड्यांत शिक्षकच पाठविला जात नाहीं म्हणून आठ दारें बंद आहेत. पूर्वींचा नकार तोंडानें दिला जात असे, हल्लींचा रिकाम्या खुर्चीनें दिला जातो. फरक तो काय?

आतां मुलीच्या प्रश्नाचें उत्तर देऊं. बाप आमच्याकडे व्याख्यानासाठीं आला नव्हता. भाषा निवडतांना तीन गोष्टी विचाराव्या. शिकविणार कोण? कोणत्या पायरीपर्यंत? आणि त्या पायरीवर उभें राहिल्यावर कोणतें दार उघडतें?

फ्रेंच व स्पॅनिश या थोर भाषा आहेत, अनेक देशांत चालतात; पण नर्सिंग करूं पाहणाऱ्या वऱ्हाडी मुलीसाठीं त्यांतून सरळ जाणारी वाट आज आम्हांस दिसत नाहीं. आखातांत आमचीं पुष्कळ माणसें जातात. तेथें बहुतेक कामांस अरबीची अट नसते, गेल्यावर कानानें ती येते. रशियांत डॉक्टर होण्यास जाणाऱ्या मुलांनीं मात्र रशियन आधींच शिकावी. वर्ग इंग्रजींत चालला तरी रोगी आपलें दुखणें रशियनांतच सांगतो.

खरी निवड जपानी आणि जर्मन या दोहोंत आहे. जपानी वाक्याची ठेवण आमच्या माणसाला परकी वाटत नाहीं: कर्ता आधीं, कर्म मध्यें, क्रियापद शेवटीं, आणि आमच्या "ला, नें, त" या प्रत्ययांसारखे तुकडे नामाच्या मागें लागतात. पण लिपीचा डोंगर मोठा आहे. दोन अक्षरमाला, प्रत्येकींत शेहेचाळीस मूळ अक्षरें; आणि त्यांवर रोजच्या वापरासाठीं ठरविलेलीं २,१३६ चित्राक्षरें. जर्मनाची लिपी रोमन. इंग्रजीच्या पायीं ती मुलीस आलेलीच आहे. जर्मनांत नामांचीं लिंगें तीन. इंग्रजाला तो जाच वाटतो, हिंदी बोलणाऱ्यालाही वाटतो. पण मराठींत "तो, ती, तें" हीं तिन्ही आमच्या आजीनें चुलीपाशीं शिकविलेलीं आहेत. जर्मन लोक मुलीला "मेडशेन" म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे. हंसूं नका, आपणही घरांत "तें पोरगें" म्हणतोंच कीं! शहरांतल्या विद्वानांनीं खेडवळाला भाषा जड जाईल म्हणून कितीही भीति घातली तरी व्याकरणाच्या या एका कोपऱ्यांत मराठी माणूस पुष्कळांच्या पुढें उभा आहे.

आणि दार? जर्मनींत परिचारिकेची गरज मोठी आहे. शिवाय तेथें नर्सिंगचें तीन वर्षांचें शिक्षण पगार घेऊन करण्याचीही सोय आहे, मात्र त्यालाही भाषेच्या वरच्या पायऱ्या लागतातच. म्हणून या मुलीनें जर्मन घ्यावी असें आमचें स्पष्ट मत आहे. पण घाई करूं नये. शाळेचे वर्षाला दोनशें दिवस धरले आणि रोज एक पाठ झाला, तर ६०० ते ८०० पाठांस तीन ते चार वर्षें लागतात. नर्सिंगचें शिक्षण संपेपर्यंत बी-टू हातीं येईल. रोज एक पाठ, वर्षानुवर्षें: पेरणीपासून मळणीपर्यंत थांबणाऱ्या शेतकऱ्याच्या घराला हें गणित कोणी समजावून सांगावयास नको. आणि जर्मनीस जाणें झालें नाहीं तरी विद्या वायां जात नाहीं. तीच मुलगी उद्यां मेहकरास ती भाषा शिकवूं लागेल, आणि तो दिवस आम्हांस विमानापेक्षां मोठा वाटेल.

पण एकट्या मुलीनें निश्चय करून भागत नाहीं. जानेफळच्या व आसपासच्या गांवांतल्या पालकांनीं एकत्र बसावें. आपल्या मुलामुलींचीं नांवें एका कागदावर लिहावीं. वीस भरतील, चाळीसही भरतील. तो कागद घेऊन तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, तेथून जिल्हा परिषदेकडे, तेथून आमदाराकडे जावें. आणि मागणें एकच मागावें: मेहकर तालुक्याला परदेशी भाषेचा एक कायम, पगारी, परीक्षा उत्तीर्ण झालेला शिक्षक. पडद्यावरचा नव्हे, वर्गांत उभा राहणारा. जोतीरावांनीं मागितलें होतें कीं खेड्यांतले शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतले असावे. तेव्हां या जागेसाठीं खेड्यांतल्याच मुलांस सरकारी खर्चानें पुण्यास धाडून तयार करावें. करारांत भाषा शिकविण्याचा भार सरकारनें घेतला आहे, तो पुण्या-मुंबईपुरता घेतलेला नाहीं. आमच्या सोयाबीनवरचा व कापसावरचा कर घेतांना मेहकर तालुका सरकारास नकाशावर नीट सांपडतो. शिक्षक पाठवितांनाही तो सांपडला पाहिजे.

शेतकरी दादा, तुम्हीं विचारलेंत एक आणि आम्हीं सांगितलें पुष्कळ; राग मानूं नये. पाहुण्यांस रामराम घाला. पुढाऱ्यांस विचारा कीं त्यांचे चिरंजीव ज्या भाषेंत शिकताहेत ती आमच्या लेकीस वर्ज्य कां? दलालास उंबऱ्याच्या आंत घेऊं नका. पोरीला जर्मन शिकूं द्या. शिक्षक येईपर्यंत थोडें थांबावें लागलें तर तिनें इंग्रजी पक्की करावी, तो वेळ फुकट जात नाहीं. आणि तिच्या आईस आमचा नमस्कार सांगा. वावर गहाण ठेवूं नये, हें तिचें म्हणणें घरापुरतें खरें आहेच. पण त्याहूनही मोठ्या अर्थानें खरें आहे. भाषा शिकणें हा आमच्या लेकरांचा हक्क आहे; आणि हक्कासाठीं वावर गहाण ठेवावें लागत असेल, तर लाज वावरवाल्यानें वाटून घ्यावयाची नाहीं, सरकारानें घ्यावयाची आहे.